द्राक्षबागेतील कात्रीची निवड

ओझर येथे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ साली खाण्याच्या द्राक्षांची लागवड केली आणि नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागाइतीचा पाया घातला. त्या काळच्या भोकरीसारख्या बियांच्या वाणांना मण्यागणिक कात्री चालवण्याची गरज नव्हती; काडी छाटावयास आणि पिकलेला घड उतरवावयास जे हत्यार लागे तेवढे पुरेसे होते. पुढे थॉमसन सीडलेस हा बिनबियांचा वाण आणि त्याच्यातूनच निवडलेले तास-ए-गणेश, माणिक चमन यांसारखे वाण या मुलखात आले, जिब्रेलिक आम्लाच्या द्रावणाने मणी फुगवण्याची रीत रूढ झाली, १९९१ साली महाग्रेप्सच्या रूपाने सहकारी संस्थांनी एकत्र येऊन परदेशी बाजाराचा मार्ग धरला, आणि मण्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजला जाऊ लागला. या साऱ्या स्थित्यंतराचा भार शेवटी ज्या जिन्नसावर येऊन पडला तो म्हणजे तळहातात मावणारी, छटाकभर वजनाची, विरळणीची कात्री. निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांतील बागाईतदार औषधांची निवड करताना जेवढी खातरजमा करतात तेवढीच या कात्रीविषयी करावी, आणि त्या निवडीत कात्री ज्याच्या हातात दिवसभर राहणार त्याच्या मताला निर्णायक स्थान असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बागेत कात्रीची कामे तीन. वर्षातून दोन वेळा होणारी छाटणी, घडांची विरळणी, आणि अखेरीस तोडणी. उष्ण कटिबंधातल्या आपल्या हवेत द्राक्षवेल थंड देशांतल्याप्रमाणे हिवाळ्यात निद्रिस्त होत नाही, म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून ओलांड्यावर नव्या काड्या घ्यावयाच्या आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करून त्या काड्यांवर फळ घ्यावयाचे, असा दुहेरी शिरस्ता येथे पडला आहे. बागलाणात हंगाम आगाप धरण्यासाठी ही दुसरी छाटणी पावसाळ्यातच उरकतात. या कामाचे हत्यार म्हणजे सिकेटर. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, बर्त्रां द मोलव्हिल या राज्यक्रांतीमुळे परागंदा झालेल्या सरदाराच्या नावाने ते प्रसिद्धीस आले, आणि वेली छाटणाऱ्यांच्या हातातील वाकड्या कोयत्याची जागा त्याने हळूहळू घेतली. सिकेटरच्या दोन जाती आहेत. एकीत धारेचे पाते दुसऱ्या वक्र पात्याला घासून पुढे निघून जाते. दुसरीत ते सपाट धातूच्या पट्टीवर येऊन आपटते. ओल्या, जिवंत काडीसाठी पहिलीच जात योग्य, कारण दुसरीने काडी कापली जाण्याबरोबर चेंगरलीही जाते, आणि चेंगरलेल्या जागी जखम भरून येण्यास विलंब लागून रोगाला वाट मिळते. पहिल्या जातीतही एक बारकावा आहे, जो अनुभवी छाटणीदाराच्या हाताला ठाऊक असतो, पण नव्या मजुराला कोणी सांगत नाही: कात्रीचे जाड, आकडीसारखे पाते ज्या बाजूला टेकते ती बाजू थोडी दबते, म्हणून ते नेहमी काढून टाकावयाच्या काडीकडे असावे आणि पातळ धारेचे पाते वेलीवर राहणाऱ्या भागाकडे असावे. छाटणीच्या कात्रीविषयी याहून अधिक लिहिण्याचे कारण नाही. तिच्या बाबतीत बाजारात चांगला माल मिळतो आणि बागाईतदार तिच्यावर पैसाही खर्च करतात.

खरा प्रश्न विरळणीच्या कात्रीचा आहे. फळधारणा झाल्यावर थॉमसनच्या एका घडावर शेकडो मणी धरतात, आणि ते सर्व राखले तर एकाही मण्याला पूर्ण वाढ मिळत नाही. घड इतका गच्च होतो की आतले मणी बाहेरच्या मण्यांच्या दाबाने फुटतात, त्यांचा रस आत झिरपतो आणि कुज सुरू होते, जी वरून दिसते तेव्हा घड हातचा गेलेला असतो. निर्यातीसाठी साधारणतः सोळा मिलिमीटर किंवा त्याहून अधिक व्यासाचा मणी लागतो, आणि तो साधावयाचा तर घडावर शंभर-सव्वाशेच्या आसपास मणी ठेवून बाकीचे काढून टाकावे लागतात. फुलोऱ्यापूर्वी संजीवकाची फवारणी करून घडाचा दांडा लांबवता येतो, काही पाकळ्या, म्हणजे घडाच्या बाजूच्या डहाळ्या, हाताने खुडता येतात, पण अखेरचा हिशेब कात्रीनेच पुरा करावा लागतो. या कामाला मुदतही कडक असते. मणी बाजरीएवढे असताना घड मोकळा असतो, परंतु कोणता मणी टिकणार आणि कोणता गळणार हे निश्चित कळत नाही; मणी ज्वारीएवढे झाले म्हणजे ते कळते आणि पाते आत शिरण्याइतकी जागाही असते; मणी हरभऱ्याएवढे झाले की ती जागा झपाट्याने मिटू लागते. ज्वारी आणि हरभरा यांच्यामधल्या त्या थोड्या दिवसांत एकराएकरांतील हजारो घड हाताखालून जावे लागतात, आणि प्रत्येक घडावर कात्री कित्येक वेळा उघडमीट करते. म्हणून या हत्याराचा लहानसा दोषही पुनरुक्तीने मोठा होतो; टोकाला जरासा जाडपणा असला तर दिवसाअखेर खरचटलेल्या मण्यांची संख्या मोजता येण्यापलीकडे जाते, आणि कोवळेपणी खरचटलेल्या मण्यावर जो तपकिरी डाग उमटतो तो मण्याबरोबरच मोठा होत जातो.

कात्री कशाने चांगली ठरते हे समजण्यासाठी तिची रचना लक्षात घेतली पाहिजे. कात्रीची दोन पाती एकमेकींना सबंध लांबीभर चिकटलेली नसतात. प्रत्येक पात्याला अगदी सूक्ष्म असा बाक दिलेला असतो आणि आतली बाजू किंचित पोकळ घासलेली असते, त्यामुळे मिटताना ती एका वेळी एकाच बिंदूवर भेटतात आणि हा बिंदू खिळीपासून टोकाकडे सरकत जातो. चांगली कात्री मिटून उजेडासमोर धरली तर पात्यांच्या मध्यभागी उजेडाची बारीक फट दिसते आणि टोके मात्र नेमकी जुळलेली असतात. ज्या कात्रीत टोके जुळण्यापूर्वीच मधला भाग दाटतो, अथवा टोके एकमेकींना ओलांडून जातात, ती कितीही चकचकीत असली तरी विरळणीला निरुपयोगी, कारण मण्याचा देठ कापावयाचा असतो तो टोकानेच. विकत घेतेवेळी यासाठी एक सोपी कसोटी आहे: कापसाचा पिंजलेला पेळू किंवा मलमलीचा तुकडा पाण्यात भिजवून केवळ टोकाच्या चिमटीत धरून कापून पाहावा. ओला धागा कापला न जाता पात्यांमध्ये दुमडला, तर ती कात्री देठही तोडणार नाही, ओढून काढील; आणि ओढून काढलेल्या मण्यामागे पाकळीची साल सोलून निघते.

टोकाच्या आकाराविषयी बागाईतदारांत दोन पक्ष आहेत, आणि दोहोंच्या म्हणण्यात तथ्य आहे. अणकुचीदार सरळ टोक दाट घडात सहज शिरते, देठ मुळाशी कापते, मागे खुंटी ठेवत नाही. खुंटी राहिली तर ती वाळून ताठ होते आणि फुगत जाणाऱ्या शेजारच्या मण्याला टोचते, हा त्या पक्षाचा बिनतोड मुद्दा. परंतु तेच टोक किंचित नेम चुकला की मण्यात घुसते. गोलसर, बोथट टोक असा घात करीत नाही, पण लहान मण्यांच्या गर्दीत ते आंधळेपणाने फिरते. माझ्या मते हा वाद कात्रीचा नसून वेळेचा आहे: मणी ज्वारीएवढे असताना बारीक टोक, आणि घड दाटू लागल्यावर गोल टोक, अशा दोन कात्र्या ठेवणे हाच योग्य तोडगा होय. टोकाला हलका बाक असलेली कात्री या दोहोंच्या मधली; तिच्यामुळे हाताची सावली कापण्याच्या जागेवर पडत नाही आणि मांडवाखाली मान वर करून काम करताना मनगट कमी वळवावे लागते, म्हणून एकच कात्री घ्यावयाची असेल तर ती बाकदार टोकाची घ्यावी. पात्याची लांबी मात्र कोणत्याही परिस्थितीत दीड इंचाच्या वर नसावी. लांब पाते पुढचा देठ कापताना मागची पाकळीही सोबत घेऊन जाते, आणि कापणाऱ्याला ते दिसतही नाही.

सूक्ष्म कामाच्या कात्रीचा हा प्रश्न नाशिकपुरता नाही. इंग्लंड-अमेरिकेत ट्राउट मासा पकडण्यासाठी गळाच्या आकड्यावर पिसे, केस आणि रेशमी धागा बांधून कृत्रिम माशी तयार करण्याची एक जुनी कला आहे, आणि त्या कारागिरांनी आपल्या कात्रीविषयी जो काटेकोर विचार केला आहे तो आपल्या उपयोगाचा आहे. त्यांची कात्री साधारण चार इंचांची असते, टोके सुईसारखी असतात, आणि बोटांच्या कड्या इतक्या मोठ्या असतात की ती अनामिकेत अडकवून ठेवून त्याच हाताने बाकीचे कामही करता येते, कारण प्रत्येक वेळी कात्री खाली ठेवून उचलण्यात वेळ जातो आणि लक्षही तुटते. ती मंडळी बारीक टोकांची कात्री केवळ धागा आणि पिसे यांसाठी राखतात. धातूची तार कापावयाची असेल तर वेगळी, जुनी कात्री घेतात, निदान तार पात्याच्या मुळाशी, खिळीजवळ धरतात. केस निसटू नयेत म्हणून एका पात्याला अतिसूक्ष्म दाते पाडलेली कात्रीही त्यांच्यात प्रचलित आहे. यांतली पहिली गोष्ट, मोठ्या कड्यांची, आणि दुसरी, कामाच्या विभागणीची, आपण जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे: विरळणीच्या कात्रीने मांडवाची तार, सुतळी अथवा जून काडी कापू नये, हा नियम प्रत्येक बागेत हुकमासारखा पाळला जावा. दात्यांची आपल्याला गरज नाही. द्राक्षाचा रस आणि फवारणीची पुटे त्या दात्यांत बसतात आणि धुऊनही निघत नाहीत.

फवारणीचा उल्लेख आला त्यावरून पोलादाची बाब ओघानेच येते. फ्रान्समध्ये बोर्दो येथे १८८५ च्या सुमारास मिलार्दे या शास्त्रज्ञाने मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण केवडा रोगावर गुणकारी असल्याचे दाखवले, तेव्हापासून द्राक्षबाग आणि तांबे यांचे नाते जुळले ते आजतागायत. मोरचुदाचे द्रावण साध्या लोखंडावर पडले की तांबे त्याच्या पृष्ठभागावर बसते आणि लोखंड झिजते. त्यात द्राक्षाच्या हिरव्या मण्यांचा आम्ल रस मिसळतो. साध्या कार्बन पोलादाला उत्तम धार येते आणि ती पुन्हा लावणेही सोपे जाते, म्हणून जुने कारागीर त्याला मान देतात. परंतु रोज पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवण्याची शिस्त जेथे नाही तेथे तीच कात्री हंगाम संपण्याआधी खिळीपाशी गंजून जड होते. न गंजणारे पोलाद धारेत किंचित कमी ठरले तरी बागेतल्या परिस्थितीत अधिक विश्वासार्ह आहे. मात्र नुसता चकचकीतपणा हा त्याचा पुरावा नव्हे. साध्या लोखंडावर क्रोमचा मुलामा चढवलेल्या स्वस्त कात्र्या तशाच चमकतात आणि मुलामा खिळीभोवती उडाला की आतून गंजू लागतात.

बाजारात माल कोठून येतो हेही पाहणे आवश्यक आहे. आपल्या देशात कात्रीचे सर्वांत नामांकित पीठ मेरठ. तेथील कारागीर मोटारी आणि रेल्वे यांच्या मोडीतील पोलादापासून पाती घडवतात, आणि त्या कात्रीला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मेरठी कात्री दणकट असते, पुन्हापुन्हा धार लावून वर्षानुवर्षे वापरता येते, परंतु तिचा मूळ धर्म शिंप्याच्या कापडाचा आहे. बारीक टोकाच्या लहान नमुन्यांत प्रत्येक नगाची तपासणी केल्याशिवाय ती घेऊ नये. जपानात ओसाकाजवळील साकाई हे शहर शतकानुशतके पात्यांसाठी प्रसिद्ध असून फळबागांच्या विरळणीसाठी खास घडवलेल्या हलक्या, न गंजणाऱ्या कात्र्या तेथे बनतात; त्यांची किंमत देशी कात्रीच्या कितीतरी पट असते, पण टोकांची जुळणी नगामागून नग सारखी असते. छाटणीच्या हत्यारात स्वित्झर्लंडच्या फेल्को या १९४५ साली स्थापन झालेल्या कारखान्याचे नाव जगभर घेतले जाते, आणि त्या कारखान्याची एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते: लहान हातांसाठी निराळा नमुना, डावखुऱ्यांसाठी निराळा नमुना आणि मनगट न वळवता फिरणाऱ्या मुठीचा निराळा नमुना त्याने काढला, म्हणजे हत्याराच्या आराखड्यात हाताला स्थान दिले.

आपल्याकडे नेमके हेच होत नाही. कात्री विकत घेतो बागाईतदार. ती चालवतात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या डोंगराळ तालुक्यांतून हंगामात खाली येणारी माणसे, ज्यांच्यापैकी कित्येक गिरणाऱ्यासारख्या ठिकाणी मजुरीच्या शोधात भल्या पहाटे उभी असतात, आणि विरळणीच्या कामात त्यांत मोठा भरणा स्त्रियांचा असतो. दुकानात कात्री घेताना ती ज्या हातात बसवून पाहिली जाते तो हात पुरुषाचा, आणि ती ज्या हातात आठ तास राहते तो हात स्त्रीचा. या तफावतीतून जे घडते ते कोणत्याही बागेत दिसू शकते: कडीत अंगठा सैल पडतो म्हणून कडीला चिंधी गुंडाळलेली, स्प्रिंग ताठ म्हणून ती काढून टाकलेली, अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडलेला. स्प्रिंगचा मुद्दा किरकोळ नाही. स्प्रिंग कात्री आपोआप उघडते आणि बोटांचे निम्मे काम वाचवते, पण ती गरजेपेक्षा कडक असेल तर प्रत्येक मिटण्याला जास्त जोर लागतो, आणि दिवसभरात जो जोर लागतो त्याने संध्याकाळी मूठ वळत नाही. योग्य स्प्रिंग म्हणजे करंगळी आणि अनामिका एवढ्याच दोन बोटांनी मिटवता येईल इतपत. डावखुऱ्या स्त्रीची अडचण याहून मोठी: उजव्या हाताच्या कात्रीत पाती अशी रचलेली असतात की उजव्या अंगठ्याचा दाब त्यांना एकमेकींवर दाबतो, डाव्या अंगठ्याचा दाब मात्र त्यांना दूर सारतो, त्यामुळे धार असूनही देठ चिमटला जातो आणि ठपका मजुरावर येतो. टोळीत एखादी तरी बाई डावखुरी असतेच. तिच्यासाठी उलट रचनेची एक कात्री आणणे ही मालकाची जबाबदारी आहे.

विरळणी पुष्कळदा उक्ती दिली जाते, एकरी ठरावाने, आणि तेव्हा टोळी स्वतःची कात्री घेऊन येते. अशा वेळी स्वस्तातली कात्री आली तर नवल नाही, कारण तिची किंमत मजुरीतून जाते. पण खराब कात्रीने झालेले नुकसान मजुराच्या नव्हे, मालकाच्या घडावर दिसते. म्हणून उक्त्या कामातही कात्री मालकानेच पुरवावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. उत्तम परदेशी कात्री घेतली तरी तिचा खर्च निर्यातीच्या एका बागेवर औषधांचा जो खर्च होतो त्याच्या तुलनेत नगण्य ठरतो. वाइनच्या द्राक्षांची गोष्ट वेगळी. तेथे लहान मणीच हवा असतो, मण्यागणिक विरळणी होत नाही, आणि म्हणून ही चर्चाही तेथे लागू नाही.

तोडणीच्या कात्रीविषयी थोडक्यात सांगता येईल. पाती आखूड, टोके गोल, पकड हलकी. घड दांड्याने धरावा, मण्यांना बोट लावू नये, म्हणजे त्यांवरील मेणाचा नैसर्गिक थर पुसला जात नाही. पॅकहाऊसमध्ये सदोष मणी काढणाऱ्या स्त्रियांच्या हातात मात्र पुन्हा बारीक टोकाची, विरळणीचीच कात्री लागते, आणि ती रोज निर्जंतुक करणे तेथे सक्तीचे असते.

हीच निर्जंतुकीची शिस्त बागेत यावयास हवी. रोगट काडी कापलेले पाते पुढच्या निरोगी वेलीला जिवाणूजन्य करप्याची बाधा पोचवू शकते, आणि छाटणीची टोळी एका बागेतून दुसऱ्या बागेत जाताना हत्यारे सोबत नेते. पाते स्पिरिटने पुसणे पुरेसे असते. ब्लीचिंगच्या द्रावणाने जंतू मरतात खरे, पण पोलाद खाल्ले जाते. धारेविषयी एवढेच ध्यानात ठेवावे की सिकेटरच्या पात्याला उतार एकाच बाजूने असतो आणि दगड त्याच बाजूने फिरवावयाचा. विरळणीच्या कात्रीची आतली, पोकळ बाजू कधीही घासावयाची नाही, कारण ती सपाट झाली की कात्री संपली. गावोगाव फिरणारा शिकलगार हे जाणतो, पण वेगाने फिरणाऱ्या चाकावर घाईने धरलेल्या बारीक टोकाचे पाणी उतरते आणि मग ते धार धरीत नाही. त्यासाठी त्याला हळू, पाणी मारीत काम करण्यास सांगावे आणि त्याबद्दल दोन पैसे अधिक द्यावेत.

बागाईतदारांना माझी विनंती एवढीच की यंदाच्या गोडी छाटणीनंतर, मणी बाजरीएवढे होण्यापूर्वी, दुकानातून दोन-तीन निरनिराळ्या नमुन्यांच्या कात्र्या आणून त्या टोळीतल्या बायांच्या हाती एक दिवस द्याव्यात, कोणती बरी वाटते हे त्यांना विचारावे, आणि त्या सांगतील तीच सर्वांसाठी खरेदी करावी.